व्यवसाय : शेती

माझ्या फाइलमध्ये 'व्यवसाय' या रकान्यापुढे माझ्याच अक्षरात 'शेती' असे लिहिलेले आहे. जुलै महिन्यात, पहिल्या भेटीच्या दिवशी, दाराबाहेर अकरा रुग्ण ताटकळत बसलेले असताना मी ते घाईघाईने लिहिले आणि पुढचे चार महिने त्या एका शब्दाच्या भरवशावर उपचार करत राहिले. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माणूस दिवसभर काय करतो, कशासाठी करतो आणि आजारानंतर ते त्याला पुन्हा कसे करता येईल, हाच माझ्या शास्त्राचा पाया आहे. मराठीत तर आम्ही स्वतःला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणवतो. नेमका तोच रकाना माझ्याकडून चुकावा, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना इथे अण्णा म्हणते. करवीर तालुक्यातले, साठीच्या अलीकडचे, रक्तदाबाची गोळी मध्येच सोडून दिलेले गृहस्थ. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या 'अंगावरून वारं गेलं'. मेंदूच्या डाव्या बाजूला, थॅलॅमस नावाच्या भागात छोटा रक्तस्राव झाला होता आणि शरीराची उजवी बाजू दुबळी झाली होती. सुदैवाने वाचा शाबूत राहिली आणि ताकदही बऱ्यापैकी लवकर परतली. दसऱ्यापर्यंत ते डाव्या हातात काठी घेऊन अंगणात फिरू लागले, उजव्या हाताची पकड यंत्रावर चांगली दिसू लागली, फळीवरच्या लाकडी खुंट्या ते एकेक करून भोकांत बसवू लागले. आकड्यांकडे पाहिले तर ही माझी यशस्वी केस होती.

पण अण्णा घरी काहीच करत नव्हते. दिलेला व्यायाम नाही, हाताने जेवणे नाही, स्वतः अंघोळ करणे नाही. दिवसभर सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते हे ठाऊक असल्याने मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध सुरू झाले, झोप सुधारली, जेवण वाढले, तरी हात तसाच मांडीवर पडलेला. मी तेव्हा ज्या रुग्णालयात काम करत होते तिथल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी नोंदीत 'रुग्ण सहकार्य करत नाही' असे लिहून टाकले. हे वाक्य आमच्याकडे फार सहज लिहिले जाते. ते लिहिले की प्रश्न रुग्णाच्या अंगावर ढकलला जातो आणि आपली सुटका होते.

मी त्याआधी वर्षभर कोचिंगच्या पद्धती शिकत होते. याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या शब्दाचे सध्या जे झाले आहे ते मला अस्वस्थ करते. दोन दिवसांचे शिबिर करून, चौकटीत प्रमाणपत्र लावून 'वेलबीइंग कोच' झालेली माणसे आता कोल्हापुरातही दिसतात. ती 'तुमचे स्वप्न काय' असे विचारतात, सकारात्मक राहायला सांगतात आणि पैसे घेतात. ज्याच्या हाताला गरम-गार कळत नाही अशा माणसाचे स्वप्न विचारण्याआधी ते गरम-गार तपासता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या क्षेत्रातले कोचिंग निराळे आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये व्यसनमुक्तीच्या कामातून 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'ची, म्हणजे बदलाची प्रेरणा माणसाच्या स्वतःच्या बोलण्यातून बाहेर आणणाऱ्या संवादपद्धतीची, मांडणी केली. पुढे फिओना ग्रॅहम आणि सिल्व्हिया रॉजर या थेरपिस्टांनी, प्रामुख्याने लहान मुलांच्या पालकांबरोबर काम करताना, 'ऑक्युपेशनल परफॉर्मन्स कोचिंग' ही पद्धत घडवली. तिचा गाभा असा की ध्येय त्या माणसाचे असते, अडचण कुठे आहे याचा शोध त्याने आपल्याबरोबर घ्यायचा असतो, आणि उपाय आपल्याला आधी सुचला तरी तो ओठांवर न आणता प्रश्न विचारून त्याला स्वतःला सापडू द्यायचा असतो. ऐकायला सोपे वाटते, पण दहा वर्षे सूचना देण्याची सवय झालेल्या थेरपिस्टला गप्प बसणे किती जड जाते हे मी अनुभवले आहे.

त्याच वरिष्ठांनी याला 'गप्पा मारणे' म्हटले आणि आपले काम हात चालवण्याचे आहे असे मला ऐकवले. मला ते मुळीच पटले नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी या विषयाचे शिक्षण सुरू केले तेव्हापासून आपण माणसाच्या कामाची भाषा बोलत आलो आहोत. त्याचे काम कोणते, हे त्याला विचारल्यावाचून कसे कळणार?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी खुंट्यांची फळी कपाटात ठेवली आणि अण्णांसमोर 'कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर' घेऊन बसले. यात रुग्ण स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांची नावे सांगतो, प्रत्येकाचे महत्त्व एक ते दहामध्ये ठरवतो, आणि ते काम आपल्याला किती जमते व त्याविषयी किती समाधान आहे याचेही गुण देतो. अंघोळीला अण्णांनी महत्त्वासाठी दहापैकी तीन गुण दिले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, लगेच म्हणाल्या, "धा लिवा." मी दोन्ही आकडे लिहून घेतले. मग विचारले, "अण्णा, हे दिवस नेहमीसारखे असते तर आत्ता, सकाळी दहा वाजता, तुम्ही कुठे असता?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाले, "गुऱ्हाळावर. दुसरं आधण उतरायच्या टायमाला."

अण्णा गुळवे, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ तयार करणारे कारागीर, होते. शेती होती, पण ती वीस गुंठे आणि मुलाकडे. दसरा झाला की उन्हाळा लागेपर्यंत ते काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, उभे असायचे, आणि हे पस्तीस वर्षे चालले होते. कोल्हापुरात राहून, रोज चहात कोल्हापुरी गूळ घालून, गुळव्या नेमके काय करतो हे मला माहीत नव्हते. ते अण्णांनी पुढच्या पाऊण तासात सांगितले. चार महिन्यांत मिळून ते इतके बोलले नव्हते.

घाण्यातून आलेला उसाचा रस काहिलीत पडतो, अशा एका खेपेला आधण म्हणतात, खाली चुलवाणात जळव्या चिपाडे सारत असतो. रस तापला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. ती किती निघाली यावर गुळाचा रंग ठरतो. मग पाक आटू लागतो. शेवटच्या काही मिनिटांत तो सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पोहोचतो आणि तिथे एखाद्या मिनिटाची चूकही महाग पडते. लवकर उतरवला तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसत नाही, उशीर झाला तर करपट काळा होतो, आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात व्यापारी दुरूनच मान फिरवतो. तापमापक काही ठिकाणी आला आहे, पण अण्णांच्या गुऱ्हाळावर निर्णय गोळीवर होतो. पळीभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळा करायचा, अंगठा आणि दोन बोटांत दाबून पाहायचा. ती गोळी किती मऊ, किती चिवट, दाबल्यावर कशी मागे येते, यावरून गुळव्या 'उतरा' म्हणतो. गुऱ्हाळावरची सगळी माणसे त्या एका शब्दाची वाट पाहत उभी असतात.

"गोळी हाताला कळाय पायजे," अण्णा उजवा हात डाव्याने उचलून म्हणाले. "आता कळत न्हाई. मग ह्यो हात हलला काय आन् न्हाई काय. खुट्ट्या लावून गूळ व्हतोय काय, मॅडम?"

मी फाइल उघडली. जुलैच्या पानावर, पुन्हा माझ्याच अक्षरात, नोंद होती : 'उजवा हात, स्पर्शज्ञान कमी, डोळे मिटून वस्तू ओळखणे अशक्य.' कापडी पिशवीत हात घालून त्यांना रुपयाचे नाणे आणि शर्टाचे बटण यांतला फरक सांगता आला नव्हता. मी ते तपासले होते, अचूक नोंदवले होते आणि पुढे चार महिने त्याच हाताची ताकद वाढवत बसले होते. शेतकऱ्याच्या हाताला ताकद पुरेशी आहे, असे मी गृहीत धरले होते. अण्णांना पहिल्या आठवड्यातच समजले होते की या हाताची विद्या गेली, आणि हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

इथून पुढे मी दोन कामे एकत्र केली आणि कोचिंगला व्यवसायोपचारात जागा द्यायची ती अशीच, असे मला वाटते. उजव्या हाताच्या संवेदनेसाठी वेगवेगळ्या पोतांच्या वस्तू हाताळण्याचा सराव सुरू केला, आणि ती पूर्ण परतेलच असे नाही हे स्पष्ट सांगितले. मग विचारले, "हाताखेरीज गोळी आणखी कशाने कळते?" दोन दिवसांनी त्यांनी उत्तर आणले. बुडबुड्यांच्या आकाराने, वासाने, आणि गोळी काहिलीच्या काठावर टाकल्यावर येणाऱ्या आवाजाने. डाव्या हाताचे काय, असे मी विचारल्यावर म्हणाले, "डावा शिकाऊ हाय." तेव्हा शिकाऊ हाताला शिकवायचे ठरले. घरी काकूंनी रोज संध्याकाळी थोडा गूळ पाणी घालून आटवायचा, अण्णांनी डाव्या हाताने तीन वेळा गोळी करायची, पहिली मऊ, दुसरी मध्यम, तिसरी पक्की. या योजनेचा मला अभिमान वाटला होता. तीन आठवड्यांत अण्णा डाव्या हाताने जेवू लागले, आणि ते मी त्यांना सांगितलेही नव्हते.

डिसेंबरच्या मध्यात, फिजिशियनची परवानगी घेऊन, मी त्यांच्याबरोबर गुऱ्हाळावर गेले. जाण्याआधी मुलाकडून जागेचे फोटो मागवले होते. वाटेवरची चिपाडे बाजूला सारून घेतली, काहिलीपासून हातभर लांब, डाव्या अंगाला बाजले ठेवले, पाण्याचे पातेले डावीकडे घेतले. पाक पळीने काढायचा तो मुलाने. सर्वांत मोठा धोका उजव्या हाताचा होता, कारण तो भाजला तरी अण्णांना कळणार नव्हते. म्हणून त्या हातात पंचा धरून ठेवायचा, असे आमचे ठरले होते.

पहिले आधण आटत आले. मालकाने यंदा एक तरुण गुळव्या ठेवला होता, तो अण्णांकडे पाहत उभा राहिला. मुलाने पातेल्यात पाक सोडला. आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने अण्णांच्या हातातला पंचा गळून पडला आणि उजवा हात पाण्यात गेला. पाणी गार होते, भाजण्याचा प्रश्न नव्हता. मी पुढे टाकलेले पाऊल मागे घेतले. त्यांनी पाक गोळा केला, गोळी अंगठा आणि बोटांत धरली. हात व्यवस्थित काम करत होता, खुंट्यांनी तेवढे कमावले होते. अण्णा दाबत राहिले. मग गोळी डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले, एखादी अनोळखी वस्तू पाहावी तशी. गोळी बोटांतून निसटून मातीत पडली तेही त्यांना लगेच कळले नाही, ते रिकामी बोटे दाबत होते. कोणी काही बोलले नाही. तरुण गुळव्याने हळूच स्वतः गोळी केली आणि 'उतरा' म्हटले.

मी तेव्हा घरी चला म्हणणार होते. त्याऐवजी बाजल्यावर त्यांच्याशेजारी बसून रक्तदाब मोजला, पाणी दिले आणि विचारले, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "दुसरं बगू."

दुसऱ्या आधणाला त्यांनी मुलाकडून उजवा हात पंच्याने कमरेला बांधून घेतला. डाव्या हाताने गोळी केली, दाबली, मान हलवली. तरुण गुळवा उतरवायच्या तयारीत होता. अण्णांनी त्याला थांबवले, पुन्हा पाक मागितला, पुन्हा गोळी केली आणि ती काहिलीच्या काठावर टाकली. टक् असा आवाज मलाही ऐकू आला. "उतरा," अण्णा म्हणाले. माणसांनी काहिली ओढली, वाफ्यात पाक ओतला आणि सगळीकडे वाफ झाली. त्या रव्याचा कण कसा होता हे मला सांगता येणार नाही. मालकाने आठवड्यातून तीन दिवस, अर्ध्या मजुरीवर, यायला सांगितले.

जानेवारीत फेरमूल्यमापन केले. 'गुऱ्हाळावर गोळी पाहणे' यापुढे अण्णांनी जमण्याचे एकवरून चार आणि समाधानाचे एकवरून सात गुण दिले. दोन गुणांचा फरक या मापनात लक्षणीय समजला जातो. अंघोळीचे जमण्याचे गुण मात्र दोनवरून दोनच राहिले. गुऱ्हाळाच्या दिवशी ते इतके थकून येतात की काकूच त्यांना अंघोळ घालतात, आणि दोन महिने रोज संध्याकाळी त्या चुलीपाशी गूळ आटवत उभ्या होत्या. अंघोळीला दहा गुण द्या म्हणणाऱ्या त्याच काकू. त्यांचा आकडा मी लिहून घेतला होता, आणि कामाला लागले ते अण्णांच्या आकड्यासाठी.

त्या दिवशी अण्णा पुढे गेल्यावर काकू दारात थांबल्या. एका हाताने कंबर धरलेली होती. म्हणाल्या, "त्यास्नी इचारलासा, बरं झालं. मला कवा इचारणार?"

माझ्याकडे त्यांच्या नावाची फाइल नव्हती. मी कोरा कागद घेतला, त्यांना येत्या बुधवारची अकराची वेळ दिली, कारण बुधवारी अण्णा गुऱ्हाळावर असतात, आणि 'व्यवसाय' या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली आहे.