डेंजरस: क्विन्सी गेला आणि कात्रीही गेली

मायकेल जॅक्सनचा विषय निघाला की लोक थ्रिलरवर येऊन थांबतात, फारच झालं तर बॅडपर्यंत जातात, आणि डेंजरसचं नाव काढलं की "हां ते ब्लॅक ऑर व्हाइटवालं ना, ज्यात चेहरे बदलतात" एवढ्यावर विषय मिटतो. मला हे कधीच पटलं नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये आलेला हा अल्बम ऐकताना कळतं की जगातल्या सगळ्यात यशस्वी जोडीतला एकजण उठून नवीन लोकांबरोबर कामाला बसला की काय होतं, काय हाती लागतं आणि काय निसटतं, आणि ७७ मिनिटांत दोन्ही अगदी उघड ऐकू येतं.

आधी त्यानं सोडलं काय ते बघू. ऑफ द वॉल (१९७९), थ्रिलर (१९८२), बॅड (१९८७), तिन्हींचा निर्माता क्विन्सी जोन्स. जॅझमधून आलेला माणूस, मूळचा ट्रंपेटवाला, सिनेमांना संगीत दिलेलं, गायक फ्रँक सिनात्राबरोबर काम केलेलं, कुठल्या गाण्याला कुठला वादक बोलवायचा हे त्याला बरोबर कळायचं. पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हे की तो नाही म्हणायचा. थ्रिलर पूर्ण झाला म्हणून सगळे ऐकायला बसले तर आवाज पार बसलेला, कारण एलपीच्या, म्हणजे त्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि दम निघून जातो, मग गाणी छाटली, पुन्हा मिक्स केली, म्हणजे सगळे आवाज नव्यानं जुळवले, आणि तेव्हा कुठे ती ४२ मिनिटं तयार झाली. बिली जीनची सुरुवात क्विन्सीला लांबलेली वाटत होती, मायकेल म्हणाला ती ऐकली की मला नाचावंसं वाटतं, आणि तिथे मात्र क्विन्सीनं माघार घेतली. म्हणजे वाद व्हायचे, कधी हा जिंकायचा कधी तो, आणि त्या रस्सीखेचीतून गाणं घट्ट व्हायचं.

बॅडपर्यंत येता येता मायकेलला वाटायला लागलेलं की आता आपलं आपण करू शकतो, ११ पैकी ९ गाणी त्याची स्वतःची होती, सहनिर्माता म्हणूनही नाव लागलेलं. शिवाय घरातच उदाहरण होतं. धाकटी बहीण जॅनेट १९८६ मध्ये वडिलांच्या हाताखालून निघाली, मिनियापोलिसला जाऊन जिमी जॅम आणि टेरी लुईस या निर्मात्यांबरोबर कंट्रोल हा अल्बम केला आणि रातोरात बाई आधुनिक झाली, १९८९ ला र्‍हिदम नेशन आणून तर तिनं कहरच केला. भाऊ सुपरस्टार खरा पण क्लबमध्ये ऐकायला नवीन वाटत होती ती बहीण. हे त्याला बोचलं नसेल असं मला तरी वाटत नाही (हा माझा अंदाज, पुरावा मागू नका).

तर आता नवीन माणसं. सुरुवातीला डेंजरस असा अल्बम व्हायचाच नव्हता, जुनी हिट गाणी आणि जोडीला थोडी नवी असा डेकेड नावाचा संग्रह काढायचा बेत होता, पण नवीन गाणी वाढतच गेली आणि तो बेत बारगळला. मायकेल तेव्हा अक्षरशः सगळ्यांबरोबर काम करून बघत होता, निर्माते म्हणून ब्रायन लोरेन झाला, एल ए रीड आणि बेबीफेस झाले, एकाचवेळी वेगवेगळ्या खोल्यांमध्ये वेगवेगळे लोक त्याच्यासाठी गाणी बनवतायत असा सगळा प्रकार, आणि त्यातलं बरंच काही अल्बमवर आलंच नाही. शेवटी टिकले ते मुख्यतः दोघं, टेडी रायली आणि बिल बॉट्रेल.

रायली म्हणजे हार्लेमचा पोरगा, १९६७ चा जन्म, म्हणजे मायकेलबरोबर बसला तेव्हा पंचविशीसुद्धा गाठलेली नव्हती. पण तोवर न्यू जॅक स्विंग म्हणून जे काही गाजत होतं त्याचा तो बाप होता, कीथ स्वेट, स्वतःचा गाय (Guy) नावाचा ग्रुप, बॉबी ब्राउनचं माय प्रेरोगेटिव्ह, सगळीकडे याचा हात. प्रकार साधा वाटतो: खाली हिपहॉपचा कडक ड्रम मशीनचा ठेका, वर चर्चमध्ये शिकल्यासारखं आर अँड बीचं गाणं. पण गोम ठेक्यात आहे. ड्रम मशीन सरळ चालवली तर बारीक मात्रा सगळ्या सारख्या अंतरावर पडतात, रायली त्यातली प्रत्येक दुसरी मात्रा किंचित उशिरा टाकतो, त्यामुळे ठेका मशीनचाच असूनही झुलतो, आणि वर तो स्नेअर ड्रम असा काही फटकन लागतो की मान आपोआप हलते.

अल्बमची पहिली सहाच्या सहा गाणी रायलीबरोबरची. एका दमात सहा! जॅम सुरू होतं ते काच फुटल्याच्या आवाजानं, आणि मला तर ते मुद्दाम केलेलं वाटतं, जुनं घर फोडून बाहेर आल्यासारखं. गंमत म्हणजे या गाण्याची सुरुवात रायलीनं केलेलीच नाही, रेनी मूर आणि ब्रूस स्वीडीन यांनी एक ट्रॅक बनवलेला, तो मायकेलला आवडला आणि मग रायलीनं त्याला आजचा रंग दिला, मध्ये रॅपर हेवी डीचा रॅप घातला. पुढे शी ड्राइव्ह्ज मी वाइल्ड हेडफोन लावून नीट ऐका, त्यात ठेक्याच्या जागी गाड्यांचे आवाज वापरलेत, इंजिन, हॉर्न, सायरन, आणि गाण्याच्या नावातच ड्राइव्ह असल्यामुळे ते फुकटची करामत वाटत नाही. मग रिमेंबर द टाइम येतं. हे गाणं मला या पूर्ण जोडीचं सगळ्यात बरोबर जमलेलं काम वाटतं, चार मिनिटांत खलास, ठेका रायलीचा असला तरी वरचे सूर एकदम मऊ, आणि शेवटाकडे मायकेल नुसत्या तोंडानं जे ठेके आणि हरकती टाकतो ना तिथे कळतं की ड्रम मशीन कोणाचीही असो, मूळ वाद्य हा माणूसच आहे.

बॉट्रेलचं प्रकरण वेगळं. तो तसा अगदी नवखा नव्हता, बॅडच्या वेळी मायकेलच्या घरच्या स्टुडिओत कच्ची गाणी बनवायला हाच असायचा, फक्त तेव्हा त्याला पुढच्या खोलीत प्रवेश नव्हता म्हणा ना. आता तो सहनिर्माता झाला. ब्लॅक ऑर व्हाइटची ती गिटारची धून मायकेलनं गुणगुणून दाखवली आणि बॉट्रेलनं वाजवली. लोकांना वाटतं ती गन्स अँड रोझेस बँडच्या स्लॅशनं वाजवलीये, नाही हो, स्लॅश सुरुवातीच्या त्या बाप-मुलाच्या नाटकात मागे आहे, आणि खरा भेटतो गिव्ह इन टू मी मध्ये. ब्लॅक ऑर व्हाइटसाठी मायकेलनं सुरुवातीला नुसतं दिशा दाखवायला म्हणून जे गाऊन ठेवलं होतं तेच इतकं चांगलं निघालं की शेवटपर्यंत तेच ठेवलं. आणि मध्ये रॅपची जागा रिकामी राहिली होती, ती भरायला रॅपर शोधत बसण्याऐवजी बॉट्रेलनं स्वतःच लिहून म्हटला, व्हिडिओत त्यावर ओठ हलवतो तो होम अलोन सिनेमातला पोरगा मॅकॉले कल्किन. चाळिशीकडे झुकलेल्या गोऱ्या गिटारवाल्याचा रॅप जगभर एक नंबरला गेला, आता बोला.

माझं मत विचाराल तर रायलीनं मायकेलला तरुण केला पण बॉट्रेलनं त्याला मोकळा केला. हू इज इट ऐका. साडेसहा मिनिटांचं गाणं, सुरुवातीला चर्चमधल्यासारखा आवाज, मग तोंडानं वाजवलेला ठेका, आणि त्याखाली बास वाजवतोय लुई जॉन्सन, तोच, बिली जीनवाला. फसवला गेलेला माणूस, संशय, रात्रीची घालमेल, विषयही बिली जीनच्या शेजारच्याच गल्लीतला. पण बिली जीनमध्ये गायकाचा स्वतःवर ताबा आहे, इथे तो ताबा सुटत जातो आणि कोणी त्याला आवरत नाही, आणि या गाण्यात तरी न आवरण्याचाच फायदा झालाय.

आता यात एक माणूस राहिला, ज्याचं नाव फारसं कोणी घेत नाही आणि माझ्या मते अल्बम एकसंध वाटतो तो त्याच्यामुळे. ब्रूस स्वीडीन. ऑफ द वॉलपासून मायकेलचा आवाज रेकॉर्ड करणारा इंजिनिअर. क्विन्सी गेला पण स्वीडीन खुर्चीतून हलला नाही. या माणसाचे किस्से एकेक भारी आहेत, बिली जीनचे त्यानं ९१ मिक्स केले आणि शेवटी क्विन्सीच्या सांगण्यावरून सगळे मागे जाऊन दुसऱ्या नंबरचा ऐकत बसले तर तोच सगळ्यात चांगला, आणि रेकॉर्डवर तोच गेला. मायकेल गाताना नाचायचा, पाय आपटायचा, चुटक्या वाजवायचा, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं बाबा गप उभा रहा, यानं त्याला उभं राहायला लाकडी फळी दिली आणि ते सगळे आवाज गाण्यात ठेवले. म्हणून रायलीचा ठेका कितीही यांत्रिक असू दे, वर तो पायांचा, श्वासाचा, चुटक्यांचा थर आहे, आणि कानाला लगेच कळतं की हा तोच मायकेल. तेव्हाचं न्यू जॅक स्विंग आज ऐकलं तर बरंचसं तकलादू वाटतं, कागदी ड्रम आणि टिणटिण कीबोर्ड, डेंजरस तसा वाटत नाही, तो भरीव आहे, खाली जमीन आहे त्याला. १९९३ ला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं ते स्वीडीन आणि रायली दोघांना मिळून, आणि मला हे बक्षीस त्या वर्षीचं सगळ्यात न्याय्य वाटतं.

पण मग कात्री. क्विन्सीबरोबर नाही म्हणणारा माणूस गेला आणि नेमका त्याच सुमारास सीडीचा जमाना आला, म्हणजे एलपीच्या खाचांची अडचणही संपली. दोन्ही लगाम एकदम सुटले. थ्रिलरवर ९ गाणी, इथे १४, एलपी काढली ती दोन तबकड्यांची. विल यू बी देअर सुरू व्हायच्या आधी मिनिटभराहून जास्त बेथोव्हेनची नववी सिम्फनी वाजते, ती पण क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगवरून श्रेय न देता घेतलेली, त्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. क्विन्सीनं तो तुकडा पाच सेकंदही ठेवला नसता असं मला राहून राहून वाटतं. इन द क्लोजेट मस्त गाणं आहे पण साडेसहा मिनिटं? रायलीच्या सहा गाण्यांनंतर एकदम हील द वर्ल्ड येतं तेव्हा तर पार्टीतून थेट शाळेच्या गॅदरिंगला आणून सोडल्यासारखं होतं. गाणी वाईट नाहीत, क्रम कोणी लावला हा प्रश्न आहे, आणि उत्तर बहुधा हेच की क्रम लावताना मायकेलसमोर बोलायची कोणाची हिंमत नव्हती. चोवीस वर्षाचा रायली लहानपणापासून ज्याला बघत मोठा झाला त्याला काय सांगणार की हे काढ म्हणून.

शेवटचं गाणं डेंजरस, त्याचा प्रवास बघितला की पूर्ण अल्बम कळतो. मूळ बॅडच्या काळातलं स्ट्रीटवॉकर नावाचं गाणं, ते मागे पडलं, मग बॉट्रेलबरोबर त्यातून वेगळं गाणं काढलं, मग ते रायलीकडे गेलं आणि त्यानं खालचा सगळा सांगाडा बदलून टाकला. तीन हातांतून जाऊन गाणं चांगलं झालंय, पण जवळपास सात मिनिटांचं झालंय.

विक्रीत काही कमी पडलं नाही, जगभर कोट्यवधी खपला, अमेरिकेत थेट एक नंबरला आला, फक्त जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या रॉक बँडच्या नेव्हरमाइंड अल्बमनं त्याला त्या जागेवरून खाली खेचलं, आणि तेव्हापासून समीक्षक मंडळी ती एकच गोष्ट सांगत बसलीयत की बघा जुना राजा गेला. काय जुना राजा, त्या अल्बमवर जेवढे प्रयोग आहेत तेवढे त्या वर्षी फार थोड्यांनी केले असतील. पुढे १९९५ मध्ये मायकेल जॅनेटच्याच जॅम-लुईसकडे गेला आणि रायलीकडे २००१ च्या इन्व्हिन्सिबलसाठी परत आला, क्विन्सीकडे अल्बम करायला मात्र कधीच परत गेला नाही.

आता माझी कात्री. जॅम, इन द क्लोजेट, शी ड्राइव्ह्ज मी वाइल्ड, रिमेंबर द टाइम, ब्लॅक ऑर व्हाइट, हू इज इट, गिव्ह इन टू मी, बेथोव्हेन उडवून विल यू बी देअर, आणि शेवटी डेंजरस. थ्रिलरसारखीच ९ गाणी, ५० मिनिटांच्या आत. हील द वर्ल्ड काढलं म्हणून शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, ते परत येणार नाही. कीप द फेथसाठी कोणी भांडलं तर मात्र मी ऐकून घेईन, कारण शेवटच्या दीड-दोन मिनिटांत आंद्रे क्राउचचा कॉयर (समूहगायक) आणि मायकेल एकमेकांवर असे काही चढत जातात की माझाच हात कात्रीवरून मागे येतो.