पाच घरं, शेवटी ‘ग्रज’

साहित्यावरचं शब्दकोडं सोडवताना मला कुणी पाहिलं की हमखास विचारतं, “म्हणजे तुमचं वाचन दांडगं असणार, नाही?” आजवर मी हसून वेळ मारून नेत आले. परवा भाचीनेही तेच विचारलं, “मावशी, तू हे सगळं वाचलंयस?” तिच्यापुढे थाप मारवेना. तर तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही वाचलेलं. निम्मंसुद्धा नाही.

‘मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी कादंबरी, तीन अक्षरं.’ ययाती. हे लिहायला मला दोन सेकंद लागतात, आणि त्या कादंबरीची मी जेमतेम चाळीस पानं वाचली आहेत. पुरस्कार १९७४ सालचा, लेखक खांडेकर, एवढं डोक्यात असलं की झालं. लग्नाच्या मांडवात निम्म्या पाहुण्यांची नावं ठाऊक असतात, त्यांच्याशी बोलणं कधी झालेलं नसतं, तसं माझं आणि पुष्कळ पुस्तकांचं आहे.

मग लागतं काय? सगळ्यात आधी अक्षरं मोजता यावी लागतात. १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिलं शब्दकोडं छापून आलं, ते एका घरात एक सुटं अक्षर, अशा बेताचं. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर असा अख्खा संसार मावतो. ‘ग्र’ला एकच घर, ‘विं’लाही एकच. त्यामुळे आपले शब्द आखूड होतात आणि रचणाऱ्याचे हाल होतात. आडव्या शब्दातला ‘मा’ उभ्या शब्दालाही ‘मा’च हवा, ‘म’ चालत नाही. सोडवणाऱ्याची मात्र चैन. एक जोडाक्षर हाती लागलं की अर्धं उत्तर आलंच.

असं मला वाटायचं, त्या ‘ग्र’ने फसवेपर्यंत.

सूत्र होतं: ‘नाटकं खऱ्या नावाने, कविता या नावाने (५).’ उभ्या ‘समग्र’मुळे चौथं घर ‘ग्र’ मिळालेलं. मी पेनने, होय, पेनने, कुसुमाग्रज लिहून टाकलं. कु, सु, मा, ग्र, ज. नाटकं शिरवाडकरांची, कविता कुसुमाग्रजांच्या. शंकेला जागाच नव्हती. त्यानंतर पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द अडला. ‘झोपताना मुलं मागतात ती (२).’ आता ‘कु’पासून सुरू होणारं मुलं काय मागतात? कुशी म्हणावं तर ‘शी’ खालच्या आडव्या शब्दात बसेना. कुल्फी कोणी झोपताना मागत नाही; मागितली तरी देऊ नये. अर्धा तास गेल्यावर डोक्यात उजेड पडला. गोष्ट! म्हणजे पहिलं घर ‘गो’. गो, विं, दा, ग्र, ज. नाटकं राम गणेश गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांच्या. त्याही पाचच घरांत.

दोघेही नाटककार, दोघेही कवितेपुरते कुणाचे तरी थोरले भाऊ, आणि दोघांची शेवटची दोन घरं सारखी. जानेवारी १९१९मध्ये गडकरी गेले तेव्हा शिरवाडकर सहा वर्षांचे होते, आणि इथे माझ्या एका चुकीपायी दोघं एकाच ओळीत दाटीवाटीने बसले होते, एकावर एक गिरवलेले. ते पान मी अजून फेकलेलं नाही. त्या दिवसापासून पेन्सिल.

ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. बालकवी असा आडवा लिहिला की शेवटच्या घरात ‘वी’. त्याच घरातून उभी ‘कविता’ न्यायची म्हटलं तर तिला ‘वि’ हवा. मराठीच्या नियमांप्रमाणे कवी दीर्घ आणि त्याची कविता ऱ्हस्व! काही कोडेकार इथे सूट देतात, चौकटीखाली बारीक अक्षरांत तसं छापतात. मला ती सूट आवडत नाही. नियमच नसेल तर मी काय अंगणात रांगोळी काढते आहे?

टोपणनावं हा या कोड्यांचा खरा दाणागोटा, पण त्यातही सगळ्यांना न्याय नाही. नारायण मुरलीधर गुप्ते हे ‘बी’ नावाने लिहीत. एकच घर. एका घराचा शब्द चौकटीत घेत नाहीत, त्यामुळे हा कवी उत्तर म्हणून कधी येतच नाही. तो सूत्रात येतो: ‘बींचा न बोलणारा (२).’ चाफा. स्वतःला जागा नाही, म्हणून झाडाला पाठवतो.

फोनवर उत्तर शोधता का, असंही विचारतात. कधीकधी. पुढे बोलू.

तर, वाचलेलं नसतानाही कोडं सुटतं, असं मी भाचीला सांगितलं आणि आठवड्याभरात तोंडावर पडले. ‘पांडुरंग सांगवीकर कुठे भेटतो’ असं असतं तर कोसला लिहून मोकळी झाले असते. आजवर तीन-चारदा लिहिलंय. या वेळी आडव्या १४चं सूत्र उलटं आलं: ‘सांगवीकरच्या तोंडी सारखा असलेला शब्द (३).’ पहिलं घर ‘व’, शेवटचं ‘रे’. मधलं रिकामं. नाव, साल (१९६३), लेखक नेमाडे, सगळं पाठ, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नाही. शब्दकोश काढला. तो पहिल्या अक्षरावरून शोधायला ठीक. मधलं घर रिकामं असलं की त्याचाही इलाज चालत नाही. भाचीला विचारलं. ती म्हणाली, “वाच ना मग.”

वाचनालयातून आणलं. थोड्याच पानांत तो शब्द दिसला. मग पुन्हा दिसला. मग कुठेही बोट ठेवावं तर तोच. वगैरे. दिवसातून पन्नासदा मी स्वतः म्हणते तो शब्द.

घर लगेच भरता आलं असतं. पण पेन्सिल पलंगाखाली गेली होती आणि पांडुरंग वसतिगृहात होता, म्हणून राहिलं. पुस्तक संपायला आठ दिवस लागले. तोवर कोड्याचं उत्तरही छापून आलं. आडवा १४ बरोबर होता. उभा ११ मी अजून पाहिलेला नाही.