गुडघा बदलल्यानंतरचे 12 आठवडे : माझा अनुभव

गुडघा बदलला की जो भेटतो तो विचारतो, "चालायला लागलात का?" वॉकर धरून चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरू होतं, त्यात फार कौतुक नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे : पाय पूर्ण सरळ होणं आणि पुरेसा वाकणं. वय 68, डावा गुडघा. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलं आहे. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी सरळ करण्याचं. झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं, आणि तीच मोठी चूक. पाय थोडा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग चालताना लंगड जात नाही. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा, 10 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. त्याच स्थितीत पाऊल स्वतःकडे ओढून मांडी आवळायची, गुडघा खाली दाबायचा, 5 आकडे मोजून सोडायचं, असं 10 वेळा. पहिले काही दिवस मांडी आवळतच नाही, घाबरू नका. आतल्या सुजेमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूपर्यंत निरोप नीट पोचत नाही. तळहात मांडीवर ठेवून दोन्ही पायांची मांडी एकदम आवळली की फरक हाताला लागतो आणि हळूहळू जमतं.

वाकवण्यासाठी खुर्ची, गुळगुळीत फरशी आणि पायाखाली वर्तमानपत्राची घडी. खुर्चीत बसून पाऊल मागे सरकवायचं, ताण आला की 10 सेकंद थांबायचं, मग अजून थोडं. अंगठा जिथे पोचला तिथे फरशीवर चिकटपट्टी लावायची. खुर्चीची जागाही खडूने आखून ठेवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. इथे फसवणूक होते ती अशी : पट्टी मागे जाते, पण गुडघा वाकलेला नसतो, त्या बाजूचं ढुंगण खुर्चीवरून उचललं गेलेलं असतं. दोन्ही बाजू टेकलेल्या असतील तरच ते माप खरं. खुर्चीतून सहज उठायला गुडघा 90 अंशांच्या पुढे वाकावा लागतो, आणि तो वाकवायचे कष्ट पहिल्या सहा आठवड्यांतच घ्यायचे. आतले व्रण घट्ट झाले की तेवढ्याच कष्टात निम्मंही हाती लागत नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या साधारण 45 मिनिटं आधी यावी अशी वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. व्यायामानंतर बर्फ, नॅपकिनमध्ये गुंडाळून, 15 मिनिटं. थेट नको, कारण टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. व्यायाम जास्त झाला की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. व्यायाम करताना दुखणारच, त्याचं काही नाही. पण सकाळी उठल्यावर गुडघा कालच्यापेक्षा जास्त सुजलेला आणि ताठ असेल तर त्या दिवशी आवर्तनं निम्मी. पूर्ण सुट्टी मात्र नाही.

खरी घसरण चौथ्या आठवड्यात. दुखणं बरंच कमी झालेलं असतं, फिजिओथेरपिस्ट घरी यायचे थांबतात, घरचेही आता विचारत नाहीत. "आज नको" म्हणायला कुणाची आडकाठी नसते. उत्साह येईल मग करू, असं म्हणून तो येत नाही, हे मी मान्यच करून टाकलं आणि व्यायाम चहाला बांधला. आधण ठेवलं की ओटा धरून टाचा उचलणं 15, मग एका पायावर 10 सेकंद, पाय बदलून तेच. चहा उकळेपर्यंत एवढं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण, पण पट्टीचं माप फक्त रविवारी, तेही सकाळी. रोज मोजू नका. संध्याकाळी सूज असते, माप कमी भरलेलं दिसतं आणि मन खट्टू होतं. अगदीच नकोसं झालं त्या दिवशी फक्त मांडी आवळणं 10 वेळा. तेवढ्यानेही खूण करायची.

साधारण सहाव्या आठवड्यानंतर, तपासणीत हिरवा कंदील मिळाल्यावर, ताकदीचं काम. भिंतीला टेकवलेली 18 इंच उंचीची खुर्ची, वर एक उशी. हात न लावता उठायचं, बसताना तीन आकडे मोजत सावकाश. सुरुवात 5 ची, मग 10, मग दहाच्या तीन फेऱ्या, दिवसाआड. शरीर लबाड असतं, सगळं वजन चांगल्या पायावर टाकतं. चांगलं पाऊल चार बोटं पुढे ठेवा म्हणजे दुखऱ्याला काम करावंच लागतं. उशी काढून जमलं की पुढची पायरी. व्यायामाच्या सायकलवर सीट उंच ठेवून आधी अर्धेच फेरे, मग उलटा पूर्ण फेरा. तो सुलट्याआधी जमतो.

खाण्यात मोजायचं ते प्रथिन. या वयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 60 ते 72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पोहे आणि चहात जेमतेम 5-6 ग्रॅम जातं, म्हणून नाश्त्यालाच भर घालावी लागते : दोन अंडी 12 ग्रॅम, किंवा 50 ग्रॅम पनीर 9 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे 6-7 ग्रॅम. वरण पातळ असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, धाप, ताप किंवा जखमेतून स्राव दिसला तर व्यायाम बंद आणि तडक दवाखाना.

बाराव्या आठवड्यात फिजिओने मोजलं तेव्हा 115 अंश भरले. मांडी घालून बसायला मनाई आहे, म्हणून देवघर आता जमिनीवरून टेबलावर आलं आहे आणि सकाळची पूजा उभ्याने, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून होते.