आमची वाटचाल : रेघेपासून शिलाईपर्यंत

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका लहानशा गाळ्यात आम्ही काम सुरू केले, तेव्हा शहरातील बुटिकांना कपड्यांची रेखाचित्रे काढून देणे एवढाच आमचा व्यवसाय होता. आज लग्नसमारंभाचे कपडे आम्ही स्वतः शिवून देतो. तरीही आमची ओळख रेखाटनांवरूनच होते, म्हणून ती शैली कशी घडली, हेच येथे सांगतो.

फॅशन चित्रण शिकवताना मानवाकृती साधारणपणे नऊ डोक्यांइतकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या नऊपट, उंच काढायला सांगतात. प्रत्यक्षातील माणूस सुमारे साडेसात डोक्यांइतका असतो. वाढवलेली उंची मुख्यतः पायांच्या वाट्याला येते आणि त्यामुळे पायघोळ झगा त्या आकृतीवर डौलदार दिसतो. नऊवारी मात्र तिच्यावर खोटी वाटते. निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचल्या, की कापडाला जो ताण बसतो, गुडघ्यामागे ते जसे वळते आणि पोटरीवर काठ जसा चढतो, ते सारे पाय लांबवताच नाहीसे होते. आम्ही आठ डोक्यांवर थांबलो. त्या प्रमाणात साडीचा ताणही टिकला आणि समोर बसलेल्या नवरीला चित्रात स्वतःचा बांधा दिसू लागला. आमच्या शैलीची सुरुवात मी या निर्णयापासून मानतो.

रेघ घडली ती सरावाने. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात उभे राहून, वाकलेल्या, ओझे उचलणाऱ्या, पदर खोचणाऱ्या बायकांची मिनिटाभरात संपतील अशी रेखाटने आम्ही काढत आलो आहोत. गळ्याच्या खळगीतून खाली सोडलेली उभी रेषा, शरीराचा भार ज्या पायावर असतो त्या पावलापाशी यावी लागते. ती तिथे आली नाही, तर आकृती कलंडल्यासारखी दिसते. हे पुस्तकातही वाचायला मिळते, पण डोक्यावर पाटी घेतलेली बाई पाहिल्यावर ते हाताला कळते.

थोर चित्रकारांची नक्कल हीदेखील आमच्या सरावाचा भाग आहे. १९४७ च्या सुमारास पॅरिसच्या डिओर या फॅशन घराण्याच्या कपड्यांची चित्रे काढणाऱ्या रेने ग्रुओ यांच्याकडून, जाड काळ्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काय दाखवावे आणि काय गाळावे, हे शिकता येते. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांतील निरनिराळ्या समाजांच्या स्त्रियांचे पेहराव पाहिले, की वस्त्र कसे नेसले आहे हे त्याच्या घड्यांवरून वाचता येते. माझा कल धुरंधरांकडे अधिक आहे, कारण आमचे चित्र शेवटी कटिंगच्या टेबलावर जाते.

येवल्याची पैठणी आमच्याच जिल्ह्यातली. आमच्या रेघेला सर्वांत मोठे वळण तिनेच दिले. जॉर्जेटची घडी एका सलग, लांब रेघेत उतरते. पैठणीचा जरीचा काठ आणि पदर ओघळत नाहीत, ते कोन करून उभे राहतात. म्हणून पेन्सिल थांबवावी लागते, दाबावी लागते आणि मग वळवावी लागते. ही तुटक, कोनदार रेघ हळूहळू आमच्या सगळ्याच चित्रांत आली. पदरावरचे मोर मात्र आम्ही पूर्ण रंगवत नाही. एकाच मोराची रंगसंगती नीट दाखवून उरलेल्यांच्या जागा ठिपक्यांनी दाखवतो, कारण सगळे रंगवले की नजर नक्षीवर अडते आणि कपड्याची बेतणी दिसेनाशी होते.

प्रत्येक चित्राच्या मागे कपडा बेतून शिवणाऱ्या आमच्या मास्तरांसाठी साधे, सपाट रेखाटन असते : मुंढा (बाही जोडायची जागा), टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या), पायपिंग (कडेची बारीक गोट), मागच्या गळ्याची खोली, अस्तर कुठपर्यंत, सगळे मापांसह. ज्या रेघेचा अर्थ मास्तरांना सांगता येत नाही, ती चित्रातूनही काढून टाकायची, असा आमच्याकडे दंडक आहे.

अलीकडे रंगकामासाठी टॅबलेट आला आहे आणि त्यामुळे एकाच ब्लाउजच्या चार रंगसंगती ग्राहकाला बसल्या जागी दाखवता येतात. पहिले रेखाटन मात्र अजूनही शिसपेन्सिलीनेच, कापड समोर ठेवून होते, आणि नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना टॅबलेट देण्याआधी आम्ही बुधवारच्या बाजारात पाठवतो.