जन्मदेश ग्रीस, भाषेचा रकाना रिकामा

फाइल जाडजूड होती, पण कामाचं पान एकच. ‘रुग्ण कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. सूचना पाळत नाही. दुभाषी उपलब्ध होता. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यातला.’ त्याखाली शिफारस: आजींचे निर्णय घेण्यासाठी कायदेशीर पालक नेमावा आणि त्यांना वृद्धाश्रमात हलवावं. न्यायाधिकरणापुढे तारीख लागली होती. त्याआधी आमच्या मेमरी क्लिनिकचं मत हवं होतं, म्हणून ती फाइल माझ्या टेबलावर आली.

मी कोल्हापूरची. मेलबर्नच्या उत्तर भागातल्या रुग्णालयात वृद्धांवर उपचार करते. थॉमसटाउन, लेलर, एपिंग हा आमचा पट्टा. युद्धानंतर इथल्या कारखान्यांत राबायला आलेले इटालियन, ग्रीक, मॅसेडोनियन आता ऐंशीच्या घरात आहेत. मोठेपणी कामापुरतं शिकलेलं इंग्रजी म्हातारपणी आधी निसटतं आणि आईकडून आलेली भाषा मागे राहते. त्यामुळे दुभाष्याशिवाय आमचं पान हलत नाही. (आजींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. काही महिन्यांपूर्वी अंगणात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते ‘पुढच्या टप्प्याचं’ निदान त्या वेळच्या मुक्कामात दुसऱ्या एका ठिकाणी झालं होतं. नवरा वारलेला. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला खाणीवर कामाला. सोबत आली होती ती घरकामात मदत करणारी मुलगी. ती नवीन होती, तिला आजींबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. फाइलमध्ये जन्मदेश ग्रीस असा होता, भाषेचा रकाना कोरा. नोंदणीच्या वेळी कुणीतरी त्यावरून ग्रीक दुभाषी ठरवली होती.

दुभाषी बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, शांत, कामात मुरलेल्या. त्यांनी ग्रीकमध्ये नमस्कार केला आणि आजींचा चेहरा माझ्यासमोर बंद झाला. ओठ आत ओढले गेले, हात पदराखाली जावेत तसे स्वेटरच्या बाह्यांत गेले. मी नाव विचारलं, त्यांनी भाषांतर केलं, उत्तर नाही. गाव विचारलं, उत्तर नाही. वडिलांचं नाव विचारलं, आजींनी दाराकडे पाहिलं.

फाइलमध्ये लिहिलेलं नेमकं हेच होतं. कुणीही तिथेच थांबून तेच निदान पुन्हा लिहिलं असतं. पण दुभाषी बाईच माझ्याकडे वळून म्हणाल्या, “डॉक्टर, यांना माझं बोलणं समजतंय. प्रत्येक प्रश्नाला डोळे हलतायत. बोलायचं नाही असं यांनी ठरवलंय. आणि मला वाटतं, ते माझ्यामुळे.”

आमच्याकडे एक कार्ड असतं. त्यावर सगळ्या भाषांची नावं त्या त्या लिपीत छापलेली असतात. रुग्णाने आपल्या भाषेवर बोट ठेवायचं. मी ते आजींच्या पुढ्यात ठेवलं. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मुलीकडे, माझ्याकडे, शेवटी दुभाषी बाईंकडे पाहिलं. बाई स्वतःहून उठल्या आणि बाहेर गेल्या. दार लागल्यावर आजींचं बोट कार्डावरून सरकत सरकत सिरिलिक अक्षरांतल्या एका ओळीवर येऊन थांबलं. मॅसेडोनियन.

फोनवरची दुभाषी सेवा अशा वेळी देवासारखी वाटते. थोड्या वेळात स्पीकरवर एका तरुण बाईचा आवाज आला. तिने आजींना आपल्या आजीला हाक मारावी तशी हाक मारली. आजींनी खुर्ची टेबलाजवळ ओढायला सांगितली, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “मला वाटलं, तुम्ही पुन्हा त्यांच्याच माणसाला बोलावलंत.”

आम्ही रुडास नावाची चाचणी वापरतो. ती ऑस्ट्रेलियातच तयार झाली, वेगवेगळ्या भाषांच्या आणि कमी शिकलेल्या माणसांनाही न्याय मिळावा म्हणून. एकूण गुण ३०; २२ किंवा त्याखाली आले तर शंका घ्यायची. सुरुवातीला किराण्याच्या चार वस्तू सांगतात, चहा, तेल, अंडी, साबण, आणि नंतर त्या पुन्हा विचारतात. मधल्या वेळात इतर प्रश्न. मुठी आणि तळव्यांची हालचाल आजींनी बिनचूक केली. घनाची आकृती माझ्याहून चांगली काढली. आयुष्यभर शिवणकाम केलेला हात होता तो. प्राणी सांगा म्हटल्यावर धडाधडा सुरू झाल्या: बैल, मेंढी, शेळी, गाढव, लांडगा, अस्वल. खेचर म्हणाल्या, आणि खेचरावर कोण कोण बसलं होतं तेही सांगायला लागल्या. मी आकडा लिहून घेतला आणि त्यांना पुढे आणलं.

एक प्रश्न विचारशक्तीचा. वर्दळीचा रस्ता आहे, सिग्नल नाही, झेब्रा क्रॉसिंग नाही. पलीकडे सुरक्षित कसं जाल?

आजींनी क्षणभरही विचार केला नाही. “आधी ऐकायचं,” त्या म्हणाल्या. “मग वर बघायचं. एक मोठी मुलगी पुढे जाईल. तिने हात केला की बाकीच्यांनी हात धरून एका दमात पळायचं. लहानग्यांच्या तोंडावर हात ठेवायचा. झाडं लागेपर्यंत थांबायचं नाही.”

फोनवरची बाई भाषांतर करता करता अडखळली. मी विचारलं, वर कशाला बघायचं? “विमानं,” आजी म्हणाल्या.

ते १९४८ साल होतं, वसंत ऋतूचे दिवस. आजी नऊ वर्षांच्या. गाव लेरिनजवळ, नकाशात आज ते शहर फ्लोरिना म्हणून सापडतं. १९१३ च्या बुखारेस्टच्या तहाने मॅसेडोनिया वाटला गेला आणि हा दक्षिणेकडचा भाग ग्रीसकडे गेला. गावांची नावं बदलली, माणसांची आडनावं बदलली, आणि १९३६ नंतर ग्रीसचा हुकूमशहा मेटाक्सास याच्या राजवटीत घरातली भाषा बोलणंच गुन्हा ठरलं. दंड होई, मारहाण होई, एरंडेल पाजत. आजींची आजी बाजारात गेली की गप्प राही, कारण तिला ग्रीक येत नव्हतं आणि दुसरं काही बोलायची सोय नव्हती. नातीला तिने तेच शिकवलं: शिपाई विचारेल नाव काय, गाव कुठलं, बाप कुठे, तेव्हा जमिनीकडे बघायचं.

दुसरं महायुद्ध संपताच ग्रीसमध्ये यादवी पेटली. १९४६ ते १९४९, एकीकडे सरकारी फौजा, दुसरीकडे कम्युनिस्टांची ‘लोकशाही सेना’. तिच्या ताब्यातल्या डोंगराळ मुलखात मॅसेडोनियन भाषेच्या शाळा उघडल्या आणि या गावांतले कितीतरी तरुण तिच्या बाजूने लढले. मग गावांवर बाँब पडू लागले. मार्च १९४८ मध्ये बंडखोरांच्या तात्पुरत्या सरकारने जाहीर केलं की मुलांना सीमेपलीकडे न्यायचं. दोन-तीन वर्षांपासून चौदापर्यंतची सुमारे २८,००० मुलं गेली, मॅसेडोनियन बोलणारी आणि ग्रीक बोलणारीही. वीस-पंचवीस मुलांमागे एक बाई असे. तिला ‘मायका’, आई म्हणत. बहुतेकदा ती कुणाची तरी तरुण विधवा असे.

“आईने सांगितलं, तीन आठवडे,” आजी म्हणाल्या. “पाव आणि चीज फडक्यात बांधून दिलं. भावाचा हात माझ्या हातात दिला. तो चार वर्षांचा.”

दिवसा जंगलात निजायचं, रात्री चालायचं. प्रेस्पा सरोवराच्या बाजूने त्या युगोस्लाव्हियात उतरल्या. पुढे गाड्या भरल्या: रोमानिया, हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. फलाटावर भावाला ताप होता, म्हणून त्याला आजारी मुलांच्या डब्यात ठेवलं. तो डबा रोमानियाला गेला. आजींची गाडी चेकोस्लोव्हाकियात मिकुलोव्हला थांबली. तिथे विलगीकरणात केस भादरले आणि अंगावरचे कपडे जाळले. फडकंही त्यातच गेलं.

पोलंडचं नाव आलं तेव्हा मला वळिवडे आठवलं. आमच्या कोल्हापूरजवळ १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं, पाचेक हजार जण. माझे आजोबा त्यांच्याबद्दल सांगत. त्यांतले शेवटचे लोक तिथून हलत होते त्याच वर्षी, ज्यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही अशी डोंगरातली पोरं पोलंडमधल्या बालगृहांत पोचत होती. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्यांच्या आया सोबत होत्या?” अनेकांच्या होत्या, मी म्हटलं. “मग बरं,” त्या म्हणाल्या.

ही मुलं वाचवली की पळवली, यावर तेव्हापासून वाद आहे. ग्रीक सरकारने याला मुलांचं अपहरण म्हटलं, नोव्हेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला, आणि ग्रीसच्या राणी फ्रेडेरिकाने आपल्या बाजूची मुलं गोळा करून वेगळी बालनगरं वसवली. काही आयांनी मुलं मनाविरुद्ध दिली, हेही खरं. पण माझ्यासमोरच्या बाईच्या आयुष्यात निर्णायक ठरलं ते नंतरचं. परतीचं दार बंद झालं. नागरिकत्व गेलं, जमीन जप्त झाली. डिसेंबर १९८२ मध्ये ग्रीसने निर्वासितांना परत यायची मुभा दिली ती ‘ग्रीक वंशाच्या’ लोकांना. एकाच गाडीतून गेलेल्या मुलांपैकी काहींना घर उघडलं, काहींना नाही. याला मी अन्याय म्हणते.

वडील पोटासाठी ऑस्ट्रेलियात आलेले. आजी सतरा वर्षांच्या झाल्यावर रेडक्रॉसच्या खटपटीने त्यांच्याकडे आल्या. बंदरावर दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. आई गावातच राहिली, गावातच वारली. भाऊ भेटला तो १९८८ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोपियेला, त्या मुलांचा पहिला मेळावा भरला तेव्हा. तो मेळावा आटोपून दोघं बसने सीमेवर गेली, आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला. सीमेवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरचं जन्मगाव वाचलं आणि दोघांना परत पाठवलं.

मग मी ते जुनं निदान झालं त्या रात्रीबद्दल विचारलं. खुबा मोडलेला, शस्त्रक्रिया झालेली, गुंगीच्या औषधांनी आधीच भ्रम झालेला, वॉर्डात अंधार. तळहाताएवढ्या फोनमधून एक पुरुष दुभाषी ग्रीकमध्ये विचारत होता: नाव काय, गाव कुठलं, बापाचं नाव काय. “मी जमिनीकडे बघितलं,” आजी म्हणाल्या. “आज सकाळी डोकं शाबूत होतं. तुम्ही डॉक्टर आहात हेही कळत होतं. पण तोंड उघडेना.”

मी रस्त्याचा प्रश्न पुन्हा विचारला. थॉमसटाउनच्या हाय स्ट्रीटवर काय करता? “तिथे कशाला पळू? पुढे सिग्नल आहे, तिथपर्यंत चालत जाते.” किराण्यातली अंडी आणि साबण आठवला, चहा आणि तेल नाही. एकूण २४. विसरभोळेपणा थोडा आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, रक्तात बी-१२ कमी निघालं. पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश नाही.

दुभाषी बाई बाहेर बाकावर थांबल्या होत्या, खरं तर त्यांचं काम संपलं होतं. त्यांचे आजोबा १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत आशिया मायनरमधून निर्वासित होऊन आलेले, त्याच फ्लोरिना भागात वसवलेले. यादवीत बंडखोरांनी त्यांचा थोरला मुलगा उचलून नेला, तो परतला नाही. “आमच्या घरी या गोष्टी दुसऱ्या बाजूने सांगतात,” त्या म्हणाल्या. “मी आत राहिले असते तर आजी संध्याकाळपर्यंत बोलल्या नसत्या.” त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्या कामाच्या नियमांतही नव्हतं. त्या उठल्या नसत्या, तर आजींचं घर विकलं गेलं असतं.

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. जुन्या निदानासमोर स्पष्ट लिहिलं की त्या वेळी रुग्णाच्या भाषेत एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, आणि भ्रमाच्या अवस्थेत अशी तपासणी ग्राह्य धरता येत नाही. मुलाला फोन केला. आई आता काही बोलत नाही असं त्याला सांगण्यात आलं होतं, म्हणून त्याने फोन करणंही सोडलं होतं. तो पुढच्या विमानाने आला. पालक नेमण्याचा अर्ज मागे घेतला गेला. आजी घरी आहेत, कानाला यंत्र लागलंय, आठवड्यातून काही दिवस मॅसेडोनियन बोलणारी मदतनीस येते.

नोंदणीच्या अर्जात भाषेचा रकाना आता रिकामा सोडता येत नाही. जन्मदेशावरून दुभाषी ठरवायचा नाही, माणसालाच विचारायचं, असं आम्ही ठरवून घेतलं. जुन्या फायली काढून ‘जन्मदेश ग्रीस, उत्तर देत नाही’ असा शेरा असलेल्या शोधल्या. आणखी काही निघाल्या. त्यांतले एक आजोबा ग्रीसमधल्या कोस्तुरकडचे (आजचं कास्तोरिया) आहेत, यादवीनंतर ताश्कंदला वाढलेले. त्यांची तपासणी येत्या मंगळवारी आहे, आणि दुभाषी कुठल्या भाषेचा हवा ते मी त्यांच्या मुलीला आजच विचारून घेतलंय.