सर्व्हर बंद पडला की लॉग मागून पुढे वाचा

सर्व्हर अचानक बंद पडतो. लॉगच्या शेवटी 'सीपीयू थर्मल ट्रिप' (प्रोसेसर अति तापून बंद पडला) दिसतं, लगेच हीटसिंक काढून नवी पेस्ट लावतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटची ओळ परिणाम सांगते. चार-पाच ओळी मागे गेलं की बरेचदा 'फॅन ३, लोअर क्रिटिकल' सापडतं. आधी पंखा मंदावला, तापमान नंतर चढलं.

हा लॉग बीएमसी, म्हणजे बोर्डावरची देखरेखीची वेगळी चिप, ठेवते. ती स्टँडबाय विजेवर चालते, त्यामुळे पॉवर केबल लागलेली असली तर बंद मशीनचाही लॉग मिळतो. काहीही पुसण्याआधी 'आयपीएमआयटूल सेल सेव्ह' ही कमांड देऊन प्रत काढा ('सेल' म्हणजे हाच लॉग). 'सेल इन्फो'मध्ये जागा किती उरली तेही बघा, कारण कित्येक बोर्डांवर लॉग भरला की नव्या नोंदी थांबतात. वाचायला 'सेल ईलिस्ट' घ्या, त्यात सेन्सरचं नाव येतं. बीएमसीचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. १९७० सालच्या नोंदी म्हणजे तेव्हा घड्याळच लागलेलं नव्हतं.

सेन्सरच्या रीडिंगमध्ये १२ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये हवी. लोड नसताना ठीक आणि लोड आला की खाली, तर पॉवर सप्लाय किंवा त्याचे कनेक्टर तपासा. 'एनए' म्हणजे रीडिंग मिळालं नाही, एवढंच; त्यावरून पार्ट बदलू नका. काही बोर्डांवर सीपीयूचं तापमान उणे दिसतं. कमाल मर्यादेपासून किती अंश खाली, तेच तो आकडा सांगतो.

निदान बरेचदा चुकतं ते रॅमच्या बाबतीत. साधी ईसीसी (रॅममधल्या चुका पकडणारी सोय) बहुधा ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते. एका बिटाची चूक दुरुस्त होते, दोन बिटांची नुसती कळते. बोर्ड बहुधा दुरुस्त झालेल्या चुका ठरावीक संख्येनंतरच लॉगमध्ये टाकतो, म्हणून लिनक्सवर रासडीमन हा अशा चुका नोंदवणारा प्रोग्राम चालू ठेवून मोजणी पाहावी. एकाच स्लॉटची मोजणी वाढत असेल तर ती स्टिक दुसऱ्या चॅनेलमधल्या (प्रोसेसर ते रॅम या वेगळ्या मार्गावरच्या) स्टिकशी अदलाबदल करा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि तोच लोड द्या. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब. जुन्याच स्लॉटवर राहिली तर नवी रॅम मागवून उपयोग नाही: स्लॉट, सॉकेटची वाकलेली पिन किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पाहावा लागेल. हीटसिंकचे स्क्रू असमान आवळले तरी पिनांचा संपर्क सुटून आख्खं चॅनेल गायब होतं. आम्ही सॉकेट उघडण्याआधी ते सैल करून, तिरक्या जोडीने, बोर्डासाठी दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळायला सांगतो.

पॉवर सप्लायची नोंद नीट वाचा. 'फेल्युअर डिटेक्टेड' असेल तर युनिट संशयित. 'एसी लॉस्ट' म्हणजे बाहेरून वीज आली नाही. सर्व्हरला दोन युनिट असून दोन्हींवर ती नोंद एकाच सेकंदाला असेल, तर रॅकच्या मागे जाऊन दोन्ही केबल एकाच पीडीयूत (रॅकच्या वीजवाटप पट्टीत) तर लावलेल्या नाहीत ना, ते बघा.