पस्तीस रुपये

जेवण झालं होतं, पडदे ओढले होते, आणि कोथरूडमधली दुपार ज्या कामासाठी असते ते सुरू होणार एवढ्यात फोन वाजला. बँकेचा मेसेज: लाभांश जमा. शेअरमागे 6 रुपये. माझ्याकडचे शेअर इतके थोडे, की सगळे मिळून डेक्कनवर दोघांची मिसळ व्हावी, तीही जादा पाव न मागता. झोप उडाली ती दुसऱ्याच आकड्यानं. त्या वर्षी कंपनीनं शेअरमागे 41 रुपये कमावले होते. म्हणजे 35 रुपये तिनं परस्पर ठेवून घेतले.

अगदी परस्पर असंही नाही. अंतिम लाभांशाला मंजुरी वार्षिक सभेत आपणच देतो. मेख एवढीच, की संचालकांनी सुचवलेला आकडा सभेला कमी करता येतो, वाढवता येत नाही. तरी दर सभेत कुणीतरी काका "बोनस कधी?" म्हणून उठतातच. पूर्वी हॉलमध्ये उठायचे, आता व्हिडिओवर, बहुधा माइक बंद ठेवून. बोनस शेअर म्हणजे तरी काय? राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या ओळीत सरकते. एकास एक मिळाला तर शेअर दुप्पट, भाव निम्मा. कंपनीतून रुपया हलत नाही, पण घरी पेढे येतात. मीही आणलेत.

वार्षिक अहवाल मागून वाचायची मला खोड आहे. अध्यक्षांचा हसरा फोटो, झाडं लावणारे कर्मचारी, हे सगळं ओलांडून थेट 'अदर इक्विटी'चा, म्हणजे राखीव निधीचा तक्ता. सुरुवातीची शिल्लक, अधिक यंदाचा नफा, वजा लाभांश, अखेरची शिल्लक. एवढं साधं गणित, पण कंपनी जन्मल्यापासूनची सगळी कमाई आणि सगळे तोटे त्या एका ओळीत येऊन बसलेले असतात.

या खोडीचं मूळ आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर आहे. बाबा पिंपरीला एका कारखान्यात होते, आणि कामगारांच्या कोट्यातून त्यांना कंपनीचे थोडे शेअर मिळाले होते. पोस्टानं लाभांशाचं चेकसारखं वॉरंट यायचं. बाबा ते पट्टी धरून टोच्यांच्या रेषेवर फाडायचे, अर्धं बँकेत, अर्धं गोदरेजच्या कपाटात. सोबत आलेला जाडजूड अहवाल आई ताब्यात घ्यायची. कागद गुळगुळीत, त्यामुळे फळीवर अंथरला की डबे घसरत, पण रंगीत छपाईपुढे आईला ते चालायचं. हळदीच्या डब्याखाली 'रिझर्व्ह्ज अँड सरप्लस' होतं, म्हणजे तीच राखीव निधीची ओळ. डबा उचलला की एवढाले आकडे. बाबांना म्हटलं, इतके पैसे पडून आहेत, तर तुम्हाला एवढेसेच का देतात?

बाबा म्हणाले, "पैसे नाहीत ते. दाखवतो."

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना नेता यायचं. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, तेलाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला. एका नव्या हिरव्या लेथपुढे बाबांनी मला उभं केलं. त्यावर कुणीतरी कुंकवानं स्वस्तिक काढलं होतं, त्याचा एक पाय तेलात विरघळत चालला होता. "हे बघ तुझे पैसे," बाबा म्हणाले. "यातले दोन-चार स्क्रू आपले."

ताळेबंदावरचे जाडे लेख मी पुढे पुष्कळ वाचले, पण ही गोष्ट कुणी याहून बरी सांगितली नाही. रिझर्व्ह्जची ती ओळ पैसा कुठून आला ते सांगते. कुठे गेला ते पाहायचं तर मालमत्तेच्या बाजूला जावं लागतं: यंत्रं, कच्चा माल, उधारीवर अडकलेली येणी. रोख आणि बँकेतली शिल्लक वेगळ्या ओळीत असते, आणि ती पुष्कळदा बिचारी किरकोळ असते. काहींचा पैसा गुंतवणुकीत साठतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे ही साठवण एवढी होती, की 2007-08 च्या विभाजनात ती बहुतांश बजाज होल्डिंग्जकडे राहिली आणि दुचाकींचा धंदा नव्या कंपनीत गेला.

ठेवून घेणं वाईट नाही. अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या हाती आल्यापासून बर्कशायर हॅथवे या कंपनीनं लाभांश दिला तो एकदाच, 1967 मध्ये. त्यांची कसोटी अशी, की ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे कालांतरानं बाजारात निदान एका डॉलरचं मूल्य वाढलं पाहिजे. बाजाराच्या लहरीवर माझा विश्वास कमी, म्हणून मी नफाच बघते. माझ्या या कंपनीनं पाच वर्षांत शेअरमागे 140 रुपये ठेवून घेतले आणि नफा 27 वरून 41 वर नेला. म्हणजे ठेवलेल्या शंभराला दहाचा जादा नफा. मुदत ठेवीपेक्षा बरं, पण पेढे आणण्याजोगं नाही.

बाबांच्या कंपनीला हा हिशेब कुणी लावला नाही. हिरवे लेथ येत राहिले, माल गोदामात साचत राहिला, येणी कागदावर फुगत राहिली. पगार तिथलाच, शेअरही तिथलेच. बाबा निवृत्त झाले त्या वर्षीच्या अहवालात रिझर्व्ह्जचा आकडा चांगला भरघोस होता. ग्रॅच्युइटी कायद्यानं तीस दिवसांत द्यायची असते. बाबांना ती मिळायला दीड वर्ष लागलं.